भातखाचरांतील सव्वाशें वर्षांचा झगडा

पाण्याला संस्कृत भाषेंत ‘जीवन’ असें एक नांव आहे, आणि शेतकऱ्याच्या लेखीं तर पाणी आणि जीवन हे दोन निराळे शब्दच नव्हेत. मृगाचा पाऊस वेळेवर पडावा, खाचरें तुडुंब भरावीं, चिखलणी होऊन तरव्यांतील रोपें रांगेनें उभीं राहावीं, याहून सुखाचें दृश्य भात पिकविणाऱ्या मुलखाला दुसरें नाहीं. परंतु ज्या पाण्यांत भाताचें रोप मूळ धरतें, त्याच पाण्यांत आठ-दहा दिवसांच्या आंत आणखी एक पीक तयार होतें. तें कोणी पेरलेलें नसतें, त्याला खत लागत नाहीं, आणि त्याची कापणी शेतांत न होतां घरोघरच्या अंथरुणावर होते. तें पीक डांसांचें. पहिल्या पिकाला धक्का न लावतां हें दुसरें पीक कसें बुडवावें, या प्रश्नानें गेल्या सव्वाशें वर्षांत अनेक विद्वानांना, सेनाधिकाऱ्यांना आणि सरकारांना कोड्यांत टाकलें आहे. त्या खटपटीचा हा वृत्तांत आहे.

हिवताप कांहीं नवा रोग नव्हे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत विषमज्वराचें वर्णन आहे. खेड्यांतील माणसें त्याला ‘एकांतरा’ किंवा ‘पाळीचा ताप’ म्हणत आलीं. पाणथळ जागीं तो बळावतो, हेंहि सर्वांना ठाऊक होतें. पण दोष हवेचा कीं पाण्याचा, हें कोणास उलगडत नव्हतें. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांना एका डांसाच्या जठराच्या भिंतींत हिवतापाच्या जंतूंच्या पेशी दिसल्या. पुढल्याच वर्षीं कलकत्त्यास त्यांनीं पक्ष्यांच्या हिवतापाचें संपूर्ण चक्र उलगडलें, आणि त्याच सुमारास इटलींत ग्रासी व त्यांचे सहकारी यांनीं माणसाच्या हिवतापाचा वाहक ॲनॉफिलीस जातीचा डांस आहे, हें सिद्ध केलें. वाईट हवेची कल्पना संपली आणि शत्रूचें नांव व गांव दोन्ही ठाऊक झालीं.

गांव म्हणजे पाणी. डांसाच्या आयुष्याचे चार टप्पे असतात : अंडें, अळी, कोश आणि पंख फुटलेला डांस. यांतले पहिले तीन पाण्यांत जातात. हवेंत उडणारा डांस कोठें गाठावा, हें ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं. पण अळी ही पाण्यांतली बंदिवान आहे. तिला उडतां येत नाहीं, पळतां येत नाहीं, आणि श्वासासाठीं तिला पुन्हां पुन्हां पृष्ठभागाशीं यावेंच लागतें. तेव्हां पाण्यावर रॉकेलाचा पातळ थर पसरला कीं अळी गुदमरून मरते. युक्ति इतकी सोपी होती कीं, आतां हिवताप चार-दोन वर्षांचाच पाहुणा आहे, असें रॉस यांच्यासारख्या उत्साही माणसास वाटलें, तर त्यांत नवल नाहीं.

या आशेची पहिली कसोटी पंजाबांत लागली. लाहोरच्या बाहेर मियां मीर नांवाची लष्करी छावणी होती. तेथील शिपायांना हिवतापानें सळो कीं पळो करून सोडलें होतें. छावणीच्या बागा आणि भोंवतालचीं शेतें कालव्याच्या पाण्यावर पोसलेलीं असल्यामुळें पाटांचें जाळें सगळीकडे पसरलें होतें. १९०२ सालीं जेम्स आणि ख्रिस्तोफर्स या दोन डॉक्टरांच्या देखरेखीखालीं तेथें डांसांवर मोहीम निघाली. डबकीं बुजविलीं, पाट साफ केले, सांचलेल्या पाण्यावर तेल ओतलें. पण एका बाजूचें पाणी स्वच्छ करावें तों दुसऱ्या बाजूनें डांस येत. मोहीम कांहीं वर्षें चालली, आणि हाती विशेष कांहीं लागलें नाहीं, असा निष्कर्ष ती चालविणारांनींच काढला. रॉस संतापले. पैसा अपुरा, माणसें अपुरीं आणि क्षेत्रहि अपुरें, अशा अर्धवट प्रयोगावरून सिद्धांत खोटा ठरविणें अन्यायाचें आहे, असें त्यांचें म्हणणें. १९०९ सालीं सिमला येथें भरलेल्या हिवताप परिषदेंत मियां मीरचें नांव पुन्हां पुन्हां निघालें. वाद व्यक्तींचा वाटला तरी मुळांत तो पाण्याच्या विस्ताराचा होता. टांकी, विहीर, गटार यांतली अळी मारणें एक गोष्ट. मैलोगणती ओलितांतली अळी मारणें ही निराळीच गोष्ट.

हा फरक मुंबईच्या उदाहरणानें चांगला ध्यानांत येतो. डॉ. चार्ल्स बेंटली यांनीं मुंबई शहरांतील हिवतापाची चौकशी करून १९११ सालीं आपला अहवाल दिला, तेव्हां बोट ठेवलें तें मुख्यतः घराघरांतील विहिरींवर आणि टांक्यांवर. विहिरी झांकण्यास वा बुजविण्यास धर्मभावनेमुळें पुष्कळ विरोध झाला, कारण पारशी आणि हिंदु या दोन्ही समाजांच्या कांहीं विधींना विहिरीचें पाणी लागतें. तरी विहीर ही मोजतां येण्यासारखी वस्तु आहे. तिचा मालक ठरलेला असतो, तिच्या तोंडावर झांकण बसतें. भाताच्या खाचरावर झांकण कोण घालणार?

तेच बेंटली पुढें बंगालच्या आरोग्यखात्याचे प्रमुख झाले, आणि तेथें त्यांच्या विचाराला निराळीच दिशा मिळाली. बंगालच्या पश्चिम व मध्य भागांतील गांवें तापानें ओस पडत होतीं, आणि पूर्वेकडील ज्या भागांत नद्या दरवर्षीं शेतांवरून पसरत, तेथें ताप त्या मानानें कमी होता. म्हणजे अधिक पाणी तेथें कमी हिवताप, असा उलटा हिशेब! १९२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बंगालमधील हिवताप आणि शेती’ या विषयावरील ग्रंथांत त्यांनीं याचा उलगडा मांडला. आगगाडीचे आणि रस्त्यांचे भराव व नद्यांचे बंधारे यांमुळें पुराचें गढूळ पाणी शेतांत येईनासें झालें. गाळ मिळेना म्हणून जमीन नापीक झाली, आणि जुन्या पात्रांत उरलेल्या निवळ, संथ पाण्यांत डांसांना निर्वेध पाळणा मिळाला. त्यांच्या सर्वच अनुमानांना पुढल्या शास्त्रज्ञांनीं मान डोलावली असें नाहीं. पण शेतांतलें सगळें पाणी सारखें नसतें, वाहतें आणि तुंबलेलें, गढूळ आणि निवळ, उन्हांतलें आणि सावलींतलें, यांत डांस फरक करतो, ही गोष्ट त्यांनीं ठसठशीतपणें पुढें आणली.

इकडे रॉकेलाची मर्यादा उघड झाली होती. वाऱ्यानें तेलाचा थर एका कोपऱ्यांत लोटला जाई, खर्च फार होई, आणि उभ्या पिकाच्या पाण्यांत तेल ओतूं देण्यास कोणता शेतकरी राजी होईल? नवा उपाय अमेरिकेंतून आला. ‘पॅरिस ग्रीन’ नांवाची एक झगझगीत हिरवी पूड रंगकामांत वापरीत. तांबें आणि सोमल यांपासून ती बनते. बटाट्याच्या पिकावरील किडा मारण्यासाठींहि ती तिकडे पूर्वींपासून वापरांत होती. १९२१ सालीं बार्बर आणि हेन या दोघांनीं दाखवून दिलें कीं, ही पूड रस्त्यावरच्या बारीक धुळींत शंभरांत एक या प्रमाणांत मिसळून पाण्यावर उधळली असतां ॲनॉफिलीसच्या अळ्या ती खाऊन मरतात. या अळ्या पृष्ठभागाशीं आडव्या पडून वर तरंगणारें अन्न खातात, पूडहि तरंगते, म्हणून विष नेमकें त्यांच्याच मुखांत पडतें. प्रमाण इतकें थोडें कीं, त्या पाण्यांतील मासे वा पाणी पिणारीं गुरें यांना सहसा अपाय होत नसे. तरी सोमल तो सोमलच, आणि तो वर्षानुवर्षें शेतांत टाकीत राहणें कोणालाहि रुचण्यासारखें नव्हतें. पण एक नवें तत्त्व हाताशीं आलें : सगळें पाणी विषारी करण्यापेक्षां अळीच्या पोटापुरतें विष द्यावें. पुढील सगळ्या सौम्य अळीनाशकांची कुळी या एका विचारापासून निघते.

या हिरव्या पुडीचा सर्वांत मोठा पराक्रम नाईल नदीच्या कांठीं घडला. आफ्रिकेच्या अंतर्भागांतील गँबिए नांवाचा अत्यंत घातक डांस १९४२ सालीं वरच्या इजिप्तमध्यें शिरला. तेथें नाईलचा पूर शेतांत कोंडून धरण्याची फार जुनी रीत, आणि पूर ओसरल्यावर मागें राहणारीं डबकीं तर असंख्य. दोन वर्षांत लाखाहून अधिक माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. युद्धाच्या धामधुमींतहि इजिप्तच्या सरकारनें हजारों माणसें कामास लावलीं. अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानचे फ्रेड सोपर यांचें मार्गदर्शन मिळालें. याच सोपर यांनीं ब्राझिलमध्यें शिरलेला हाच डांस १९४० सालपर्यंत समूळ नाहींसा केला होता. गांव वाटून घेऊन, दर आठवड्यास प्रत्येक डबकें तपासून, नोंदी ठेवून काम झालें, आणि १९४५ च्या आरंभीं तो डांस इजिप्तमधून नाहींसा झाला. मियां मीर येथें जें साधलें नाहीं, तें येथें साधलें. फरक पुडीचा होता तितकाच शिस्तीचाहि होता. शिवाय हा डांस त्या भूमींत उपरा होता. मूळच्या रहिवाशास हांकलणें इतकें सोपें नसतें.

त्याच काळांत दक्षिण हिंदुस्थानांत एक शांत, पण अधिक दूरदृष्टीचा प्रयोग चालला होता. कावेरीवरील मेत्तूरचें धरण १९३४ सालीं पुरें झालें आणि तंजावर जिल्ह्यांतील पट्टुकोट्टै भागांत नवीन कालवे आले. धान्य वाढलें आणि त्याच्या पाठोपाठ तापहि वाढला. रॉकफेलर प्रतिष्ठानचे डॉ. पॉल रसेल आणि त्यांचे सहकारी नाइप व रामनाथ राव यांनीं तेथें आठ-एक वर्षें ठाण मांडून शेतांतील पाण्याचा अभ्यास केला. तेथील मुख्य वाहक क्युलिसिफेसीज नांवाचा डांस. तो नव्यानें लावणी झालेल्या, उन्हानें झळकणाऱ्या खाचरांत अंडीं घालतो; रोपें फूटभर उंच होऊन दाट झालीं कीं तो तेथें फिरकत नाहींसा होतो. हा डांस पाण्यावर तरंगत नाचत अंडीं टाकतो, आणि उभीं रोपें त्याच्या नाचाला आडवीं येतात, असें त्यांनीं पाण्यांत नुसत्या काड्या रोवून दाखवून दिलें. म्हणजे धोक्याचे दिवस सबंध हंगामभर पसरलेले नसून लावणीनंतरच्या कांहीं आठवड्यांतच विशेष असतात. मग त्यांनीं दुसरी युक्ति सुचविली : खाचरांत पाणी सतत उभें ठेवण्याऐवजीं कांहीं दिवस द्यावें आणि मध्यें एक-दोन दिवस तोडावें. जमीन नुसती ओली राहिली तरी पिकाला चालतें, पण अळीला चालत नाहीं. यांत विष नाहीं, पूड नाहीं, उलट पाण्याचीच बचत आहे. १९४२ सालीं हे प्रयोग प्रसिद्ध झाले.

परंतु इतिहासाला तेव्हां घाई झाली होती. पॉल म्यूलर यांनीं १९३९ सालीं डी. डी. टी. या द्रव्याचा कीटकनाशक गुण शोधून काढला होता, आणि युद्धाच्या अखेरीस तें सर्वत्र पोंचलें. मुंबई प्रांतांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखालीं १९४५-४६ च्या सुमारास कानडा आणि धारवाड जिल्ह्यांतील घरांच्या भिंतींवर त्याची फवारणी सुरू झाली आणि परिणाम थक्क करणारा दिसला. आतां पाण्यांतली अळी शोधीत चिखल तुडविण्याची गरजच उरली नाहीं. माणसाचें रक्त पिऊन भिंतीवर विसावणारा डांस तेथेंच मरे. १९५३ सालीं राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना आणि १९५८ सालीं निर्मूलन योजना सुरू झाली. स्वातंत्र्याच्या वेळीं भारतांत दरवर्षीं साडेसात कोटि माणसें हिवतापानें आजारी पडत आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. तो आंकडा १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्येपुरता लाखभरावर आला. हा विजय खराच मोठा होता, आणि ज्यांचीं मुलें त्यामुळें वांचलीं त्यांना त्याचें मोल सांगावें लागलें नाहीं.

मात्र या विजयांतच पुढल्या पराभवाचें बीज होतें. १९५९ सालीं तेव्हांच्या मुंबई राज्यांतील पंचमहाल जिल्ह्यांतून वार्ता आली कीं, क्युलिसिफेसीज डांसाला डी. डी. टी. सोसूं लागलें आहे. जें औषध घराच्या भिंतीवर मारीत, त्याच जातीचीं औषधें शेतांतील पिकांवरहि पडत होतीं, आणि डांसांच्या पिढ्यांमागून पिढ्या त्या विषाच्या शाळेंतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडत होत्या. १९६२ सालीं रॅचेल कार्सन यांच्या ग्रंथानें अमेरिकेंत या द्रव्याच्या दुसऱ्या बाजूकडे लोकांचें लक्ष वेधलें : तें मातींतून पाण्यांत, पाण्यांतून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत सांचत जातें. योजनेंत ढिलाई आली, पैसा कमी पडला, आणि १९७६ सालीं भारतांत हिवतापाच्या रोग्यांची नोंद सुमारें ६५ लाखांवर गेली. आतां पुन्हां अळीकडे वळणें प्राप्त होतें. पण मधल्या काळांत अळीची पारख असणारे जुने जाणते कर्मचारी विरळ झाले होते.

योगायोग असा कीं, त्याच १९७६ सालीं एक नवें साधन वाळवंटांत सांपडलें. इस्रायलच्या नेगेव वाळवंटांत एका आटलेल्या नदीपात्रांत लहानसें डबकें होतें, आणि त्यांत डांसांच्या मेलेल्या व मरणोन्मुख अळ्यांचा खच पडला होता. योएल मार्गालित आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांनीं त्या चिखलांतून एक सूक्ष्म जंतु वेगळा केला. त्याचें घराणें जुनें होतें. १९०१ सालीं जपानांत इशिवाता यांना रेशमाच्या किड्यांच्या रोगांत असाच जंतु आढळला होता. १९११ सालीं जर्मनींतील बर्लिनर यांना तो थुरिंजिया प्रांतांतून आलेल्या, पिठांतील पतंगाच्या अळींत सांपडला, आणि त्यावरून त्याला ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हें नांव पडलें. परंतु तोंवरचे सगळे प्रकार फुलपाखरें आणि पतंग यांच्या सुरवंटांवर चालणारे होते. डांसांच्या अळीवर जोरानें चालणारा हा पहिलाच. त्यास ‘इस्रायलेन्सिस’ असें उपनाम मिळालें, आणि संक्षेपानें त्याला ‘बी. टी. आय.’ म्हणतात.

त्याची करामत ऐकण्यासारखी आहे. हा जंतु बीजाणुरूप धारण करतांना आपल्या शरीरांत प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. स्फटिक स्वतः निरुपद्रवी असतो. अळीनें तो गिळला म्हणजे तिच्या आंतड्यांतील अल्कधर्मी रसांत तो विरघळतो, तेथील पाचकद्रव्यें त्याचे तुकडे करतात, आणि ते तुकडे आंतड्याच्या पेशींना जाऊन चिकटून त्यांना भोंकें पाडतात. थोड्याच वेळांत अळी खाणें सोडते आणि बहुधा दिवसाभरांत मरते. माणूस, गुरें, पक्षी, मासे यांच्या पोटांत ना तसा रस, ना तसें चिकटण्याचें ठिकाण. म्हणून त्यांना त्याची बाधा होत नाहीं. कुलुपाला जशी त्याचीच किल्ली लागावी, तसें हें विष आहे. शिवाय त्यांत एक नव्हे, चार प्रमुख प्रथिनें मिळून काम करतात. त्यामुळें एकाच वेळीं चारहि कुलपें बदलणें डांसाला जड जातें. याचा जवळचा भाऊबंद ‘बॅसिलस स्फेरिकस’ हा जंतु घाण पाण्यांत अधिक टिकतो. पण त्याच्या विषाची मदार एकाच जोडीवर असल्यामुळें कोचीच्या डांसांनीं १९९५ च्या सुमारास त्याला दाद देणें सोडलें, असें दिसून आलें. सौम्य विष म्हणजे अजिंक्य विष, असें समजण्याचें कारण नाहीं.

सौम्य अळीनाशकांची दुसरी शाखा कीटकांच्या वाढीशीं खेळते. किड्यांच्या शरीरांत एक रस असा असतो कीं, तो आहे तोंवर अळी बाल्यावस्थेंतच राहते. त्याच्या नकलेनें बनविलेलें ‘मेथोप्रीन’ नांवाचें द्रव्य १९७५ च्या सुमारास वापरांत आलें. तें पाण्यांत असलें म्हणजे अळी खातेपिते, वाढतेहि. पण कोशांतून डांस बाहेर पडत नाहीं. बालपणाचा शाप देऊन शत्रूला मारण्याची ही रीत पुराणांतील कथांना शोभेशी आहे.

बी. टी. आय. चा सर्वांत पद्धतशीर वापर जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यांत झाला. पूर आला कीं कांठचीं कुरणें आणि रानें बुडतात आणि पूरपाण्याच्या डांसांचे थवे उठतात. तेथील गांवांनीं १९७६ सालीं एक संघ स्थापन केला, आणि १९८१ पासून हा जंतु वापरण्यास आरंभ केला. जमिनीवरून माणसें आणि दुर्गम जागीं हेलिकॉप्टरें यांच्या द्वारां तो टाकतात. औषध झाडाझुडपांच्या पानांवर अडकून राहूं नये म्हणून तें बर्फाच्या गोळ्यांत गोठवून सोडतात. गोळी पानांवरून घरंगळत पाण्यांत पडते आणि विरघळते. बेडूक, मासे, चतुर यांना धक्का न लागतां डांस आटोक्यांत राहिले. तरी या यशालाहि एक तळटीप आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस कामार्ग नांवाचा पाणथळ आणि भातशेतीचा प्रदेश आहे. तेथें फवारणी झालेल्या भागांत डांसांचे निरुपद्रवी चुलते कमी झाले, आणि त्यांवर पोसणाऱ्या पाकोळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांचीं पिलें कमी वांचलीं, असें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. जें माणसाला विष नाहीं, तें निसर्गाच्या हिशेबांत शून्य असतेंच असें नाहीं.

याहून कठोर धडा पश्चिम आफ्रिकेंत मिळाला. गँबिया नदीच्या पूरमैदानांत भाताचीं खाचरें आणि दलदल मैलोगणती पसरलेली आहे. २००६ आणि २००७ सालीं तेथें माणसांनीं पायीं हिंडून हेंच औषध दर आठवड्यास टाकलें. औषध अस्सल होतें, माणसें शिकविलेलीं होतीं. प्रयोगशाळेंत अळ्या मरत होत्या. पण गांवांतील मुलांच्या तापांत उल्लेखण्यासारखा फरक पडला नाहीं. पाणी इतकें अफाट कीं, पायीं चालणारा माणूस त्याला पुरा पडेना. शंभर वर्षांनंतर मियां मीरचाच प्रश्न नव्या औषधासह पुन्हां दारांत उभा होता. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ च्या आपल्या मार्गदर्शिकेंत अळीनाशकाला दुय्यम स्थान देऊन म्हटलें आहे तें याच अनुभवावरून : अळ्यांच्या जागा थोड्या, ठरलेल्या आणि सांपडण्यासारख्या असतील, तेथेंच हा उपाय मुख्यतः करावा. भाताचें बुडालेलें शेत यांपैकीं एकाहि अटींत सहजासहजीं बसत नाहीं.

मग खाचरांतील डांस सोडूनच द्यावा काय? तसें करणेंहि परवडत नाहीं. हिवतापाखेरीज मेंदूचा एक भयंकर ज्वर, ज्याला जपानी मेंदूज्वर म्हणतात, तो भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स डांस पसरवितात. त्याचे जंतु डुकरांत आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत वास करतात. भारतांत त्याची ओळख १९५५ सालीं वेल्लोरच्या परिसरांत पटली, आणि २००५ सालीं पूर्व उत्तर प्रदेशांत त्यानें हजारांहून अधिक बळी घेतले. त्यांत बहुतेक मुलें होतीं. २००६ पासून लस देण्यास आरंभ झाला हें खरें, पण लस मेंदूज्वराची आहे, डांसाची नव्हे.

येथें एक साधी व्यवहाराची गोष्ट पुष्कळदां विसरली जाते. अळीनाशक टाकायचें तें शेतकऱ्याच्या शेतांत, आणि त्याचा लाभ व्हायचा तो साऱ्या गांवाला. त्यानें पिकाचा एक दाणाहि वाढत नाहीं. बी. टी. आय. चा जोर पाण्यांत थोडेच दिवस टिकतो. त्याचे कण तळाशीं बसतात, उन्हानें आणि गाळानें निकामी होतात. ॲनॉफिलीसची अळी तर वरच्या वरच खाणारी. म्हणून तो आठवड्या-पंधरवड्यानें पुन्हां टाकावा लागतो. दुसऱ्याच्या तापासाठीं आपल्या खिशांतून सबंध हंगामभर हा खर्च करावा, असें कोणत्या कुणब्यास सांगतां येईल? जो उपाय शेतकऱ्याच्याहि पदरांत कांहीं टाकतो, तोच शेतांत टिकतो.

भारतीय शास्त्रज्ञांनीं ही खूण अचूक ओळखली, असें म्हणावें लागेल. मदुराई येथील संशोधकांनीं १९९०-९२ च्या सुमारास दाखविलें कीं, ॲझोला नांवाचें तरंगतें शेवाळासारखें नेचें खाचरांत सोडलें तर तें नत्राचें खत देतें आणि दाट पसरून डांसांच्या वाढीलाहि अडथळा करतें. तसेंच निंबोळीच्या पेंडीचा लेप दिलेला युरिया टाकल्यानें खाचरांतील क्युलेक्सच्या अळ्या घटतात आणि पिकालाहि नत्र सावकाश मिळतें. कडुनिंबाचा पाला धान्याच्या कणगींत घालणाऱ्या आजीबाईंना या शोधाचें नवल वाटलें नसतें. गुजरातेंतील खेडा जिल्ह्यांत डॉ. व्ही. पी. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखालीं १९८३ पासून औषधांऐवजीं अळीभक्षक मासे, डबकीं बुजविणें आणि गांवकऱ्यांचें साह्य यांवर भर देणारा प्रयोग झाला. १९२८ सालीं भारतांत आणलेला गँबुझिया मासा अळ्या खातो खरा, पण स्थानिक माशांचीं पिलेंहि खातो. म्हणून तो कोठें सोडावा याला विचार लागतो. पुदुच्चेरी येथें १९७५ सालीं स्थापन झालेल्या संशोधन केंद्रानें बी. टी. आय. चा देशी वाण शोधून काढला. आणि रसेल यांची पाणी तोडण्याची जुनी युक्ति पाण्याच्या टंचाईच्या काळांत नव्या नांवानें भातशेतींत परत येत आहे. तिचा हेतु आज पाणी वांचविणें हा आहे, पण तिच्या पोटांत अळीचें मरणहि आहे.

सव्वाशें वर्षांच्या या हकीकतींत विषाचा प्रवास मोठा झाला. आरंभीं सगळ्या पाण्यावर तेल ओतीत. मग अळीच्या मुखांत सोमल घातला. आतां अळीच्याच आंतड्यांत उघडणारें कुलूप सांपडलें आहे. विष सौम्य होत गेलें तसें तें अधिक नेमकें झालें, आणि नेमकें झालें तसें तें टाकणाऱ्याला आपल्या पाण्याची अधिक नेमकी ओळख असावी लागली. लावणी कधीं झाली, पाणी कोठें निवळलें, रोप किती वाढलें, कोणता डांस कोणत्या बांधाशीं अंडीं घालतो, हें ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातीं मूठभर भुकटीहि पुरते. ज्याला ठाऊक नाहीं त्याच्या हातीं हेलिकॉप्टरहि अपुरें पडतें. मियां मीरच्या तज्ज्ञांना, पट्टुकोट्टैच्या संशोधकांना आणि गँबियाच्या दलदलींत हिंडलेल्या माणसांना हें ज्ञान सारख्याच कष्टानें मिळालें. खाचरांतील पाणी रोज डोळ्यांखालीं असतें तें शेतकऱ्याच्या. डांसांचें न पेरलेलें पीक बुडवायचें असेल, तर त्या कामांत त्याला केवळ हुकुमाचा ताबेदार न समजतां लाभाचा भागीदार केलें पाहिजे; मग धान्याचें पीक आणि घरांतील मूल, दोन्ही एकाच पाण्यावर सुखानें वाढतील.